बर्फ मोजतो, ओढे कधी मोजणार?

बारामती-इंदापुरात २०२५ च्या मे महिन्यातच ओढ्यांना पूर आला, नीरा डावा कालवा पिंपळी-लिमटेकजवळ फुटला, पालखी महामार्गावर पाणी आले आणि पंचनाम्यांचे आदेश निघाले. पंचनामे हवेतच. ज्यांच्या घरात पाणी शिरले, ज्यांचे रान मातीसकट वाहून गेले, त्यांना मदत विनाविलंब मिळाली पाहिजे. पण पंचनामा हा झाल्या नुकसानीचा हिशेब. पुढच्या पावसाची तयारी कोण करणार?

'अवकाळी' म्हणून हात झटकणे आता पुरे झाले. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. मे म्हणजे कालव्याचे उन्हाळी आवर्तन आणि पाऊस जूनमध्ये, हे वेळापत्रक मोडले आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण उणे साठ्यात गेले होते. त्याच धरणाच्या काठच्या इंदापूर तालुक्यात २०२५ च्या मे महिन्यात शेते पाण्याखाली गेली. हवा एका अंश सेल्सिअसने तापली की सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरते. ते कोसळते तेव्हा ओढ्याला उसंत मिळत नाही.

तीच उष्णता उत्तर ध्रुवाकडे जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने वाढते आहे. तिथल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात २००८ पासून भारताचे 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ तिथे वेस्त्रे ब्रोगरब्रेन ही छोटी हिमनदी मोजतात. बर्फात खोल खुंट्या रोवायच्या आणि उन्हाळा सरला की खुंटी किती उघडी पडली ते नोंदवायचे. काम साधे, पण नेमाने करायचे. सखल भागातल्या छोट्या हिमनद्यांना उंचीचा आसरा नसतो. हिवाळ्यात साठलेले हिम उन्हाळ्यात टिकत नाही, वर जुना बर्फही जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात तर स्वालबार्डमध्ये विक्रमी वितळ झाली.

तिकडच्या बर्फाची वितभर घट आपल्या देशाच्या नोंदवहीत असते. मग बारामतीच्या ओढ्यात गाळ किती, पात्रात अतिक्रमण किती, रस्त्याखालच्या मोरीतून पाणी किती जाईल, हे शेतकऱ्याने कोणाला विचारायचे? कालवा ब्रिटिश काळातला; त्याच्या भरावावर आजच्या पावसाचा भार किती येतो, हे मोजलेच पाहिजे. ओढे बुजवून प्लॉट पाडायला परवानगी देणाऱ्यांनाही जाब विचारला पाहिजे, आणि हे दुखणे एकट्या बारामतीचे नाही. राज्यातले प्रत्येक वाढते शहर हेच करते आहे.

जलसंपदा खात्याने भरावाची तपासणी आणि ओढ्यांची सफाई दरवर्षी एप्रिलअखेर संपवावी. प्रत्येक ओढ्याच्या पात्राचे मोजमाप ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. आणि कालवा का फुटला, याचा अहवाल पंचनाम्यांबरोबरच लोकांपुढे ठेवावा.