सातबारा कुणाच्या नावावर?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि खरं सांगायचं तर रागाच्या भरात बसलोय. थोडं इकडंतिकडं झालं तर वयाकडे बघून सांभाळून घ्या.

विषय आहे वेबसाइटचा. नेसरीत बसलेल्या, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या निवृत्त मास्तराला वेबसाइटशी काय देणंघेणं, असं काही जण म्हणतील. तर माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचा गडहिंग्लजला जुन्या चारचाकी गाड्या घेण्या-विकण्याचा धंदा आहे. घरच्या वाचकांना हे माहीत आहेच. पाच वर्षांपूर्वी त्याच्याकडे एका कंपनीचा माणूस आला. टायबिय लावलेला. "साहेब, तुम्ही गाड्या विका, वेबसाइटचं सगळं आम्ही बघतो." महिन्याला साडेतीन हजार रुपये. कराराचे कागद इंग्रजीत. मी भाच्याला विचारलं, वाचलास का रे? तर म्हणाला, "मामा, एवढं कोण वाचत बसतंय वो?"

गेल्या दसऱ्याच्या आधी कंपनीनं पैसे वाढवून मागितले. भाचा म्हणाला, परवडत नाही, थांबवूया. आठवड्यात वेबसाइट बंद! निदान नाव तरी आमचं आम्हाला द्या म्हटलं, तर उत्तर आलं की नाव आमच्या खात्यावर नोंदलेलं आहे, करार बघा. गाड्यांचे फोटो त्यांच्याकडं. पाच वर्षांत चौकशी केलेल्या माणसांची नावं आणि फोन नंबर त्यांच्याकडं. आणि तेच वेबसाइटचं नाव दुकानाच्या पाटीवर, कार्डावर, विकलेल्या प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेवर. दसऱ्याला लोक गाडी दारात आणतात, तो धंद्याचा हंगाम. त्याच हंगामात काचेवरचं नाव टाइप केलं तर कोरं पान.

मी मराठीचा मास्तर, गणिताचा नव्हे. पण साडेतीन हजार गुणिले साठ महिने मलाही करता येतं. दोन लाख दहा हजार रुपये. एवढं मोजून हातात काय राहिलं? काही नाही.

आमच्या भागातल्या जुन्या माणसांना कूळकायदा समजावून सांगावा लागत नाही. १९४८ चा कायदा, मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. अटी-अपवाद सोडले तर त्या दिवशी जमीन कसणारा कूळ त्या जमिनीचा मालक मानला गेला. वर्षानुवर्षं घाम गाळला त्याला हक्क मिळाला. इंटरनेटवर मात्र कूळकायदा नाही. तिथं तुम्ही पाच वर्षं कसा नाहीतर पंचवीस वर्षं, नोंदवहीत ज्याचं नाव तो मालक. वेबसाइटच्या नावाला डोमेन म्हणतात, आणि ते कुणाच्या नावावर आहे हाच तिथला सातबारा. डॉट इन या नावांचा कारभार निक्सी ही आपल्या देशातली संस्था बघते. २००५ पासून कुणालाही ते नाव घेता येतं. २०१४ पासून तर डॉट भारत असं देवनागरीतसुद्धा मिळतं. खर्च साधारण वर्षाला हजार-बाराशे रुपये. म्हणजे महिन्याला शंभर! एवढ्यासाठी माझ्या भाच्यानं आपला सातबारा दुसऱ्याच्या नावावर होऊ दिला.

यावर ठरलेलं उत्तर येतं. "गुरुजी, मोठ्या कंपनीकडं दिलं की काळजी नाही." असं? २००९ साली याहूनं जिओसिटीज बंद केलं. २०१४ च्या सप्टेंबरात ऑर्कुट बंद झालं. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या लग्नाबारशाचे फोटो त्यात होते, ज्यांनी वेळेत उतरवून घेतले त्यांचेच वाचले. गूगलनं छोट्या दुकानदारांना फुकट वेबसाइटी दिल्या होत्या, त्या मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. आणि हा तर खास गाडीवाल्यांचा किस्सा आहे. अमेरिकेत सीडीके ग्लोबल नावाची कंपनी गाड्यांच्या शोरूमना संगणकाची सगळी व्यवस्था पुरवते. १९ जून २०२४ ला तिच्यावर सायबर हल्ला झाला. अमेरिका-कॅनडातले सुमारे १५,००० विक्रेते तिच्यावर अवलंबून. शोरूममधले लोक कागद-पेन घेऊन बसले, आणि गाडी पूर्ववत रुळावर यायला जुलै उजाडला. मोठ्याच्या आधारानं राहिलं की मोठा पडताना आपणही त्याच्याबरोबर पडतो.

नव्या गाड्यांच्या डीलरांनी हसू नये. जनरल मोटर्सनं २०१७ च्या अखेरीस भारतात शेवरले विकणं थांबवलं. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ज्या डीलरची ओळख फक्त कंपनीच्या पाटीवर होती, त्यानं दुसऱ्या दिवशी काय म्हणून उभं राहायचं? ज्याच्याकडं स्वतःचं नाव आणि गिऱ्हाइकांची स्वतःची वही आहे, तो निदान दुसरी गाडी तरी विकू शकतो.

पैशाचं सोडा. माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. तयार वेबसाइट विकणाऱ्याला आपला गिऱ्हाईक माहीतच नसतो. त्यांच्या साच्यात गाडीचा रंग, मॉडेल, किलोमीटर, किंमत, एवढे रकाने. साचा सगळीकडं एकच. आमच्या सीमाभागात माणूस पहिलं काय विचारतो? गाडी एमएच-०९ आहे की केए-२२? कारण बेळगावची गाडी स्वस्त दिसते, पण ती कोल्हापूरला नावावर करायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, इथं नवा नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. मग तो विचारतो, गाडीवर बँकेचा बोजा आहे का, उतरवलाय का? विमा कधीपर्यंत आहे? किती हात फिरलीय? या प्रश्नांना त्या साच्यात जागाच नव्हती. भाच्यानं दोनदा सांगितलं, तर म्हणे "तो बदल वेगळ्या पैशात होईल."

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल मास्तर एकांगी बोलतो. स्वतः केलेली वेबसाइट म्हणजे खुंटीला टांगलेलं कॅलेंडर नव्हे. ती वेळोवेळी अद्ययावत केली नाही तर चोर शिरतात. विकलेली गाडी चार महिने तशीच दिसत राहिली तर चंदगडहून एसटीनं आलेला माणूस शिव्या घालून परत जातो. वेळ द्यावा लागतो, हे खरं. ज्याला जमत नाही त्यानं माणूस लावावा, माझी ना नाही. घर बांधायला आपण गवंडी बोलावतोच की. पण गवंड्याच्या नावावर जागा करत नाही, आणि वास्तुशांतीनंतर किल्ली त्याच्याकडं ठेवत नाही.

कायद्याचंही ऐका. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात म्हटलंय की माहिती सांभाळायला दुसरा नेमला तरी जबाबदारी ज्याच्यासाठी ती गोळा केली त्याची. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत. म्हणजे वही कंपनीकडं, आणि उत्तर द्यायला आमचा भाचा!

शेवटी काय केलं? दिवाळीच्या सुट्टीत माझी नात आली होती. तिनं आणि भाच्यानं मिळून नवं नाव घेतलं, भाच्याच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर. वर्डप्रेस फुकट आहे, ते बसवलं. चार दिवस गेले. दिसायला ती काही सुंदर नाही, फोटो एक लहान एक मोठा. पण प्रत्येक गाडीखाली बोजा, विमा, एनओसी, किती हात, सगळं साध्या मराठीत लिहिलंय. शुद्धलेखन मी तपासलं (तेवढाच माझा वाटा!). परवा भाच्याचा फोन आला, "मामा, चंदगडचं गिऱ्हाईक आलंतं. एनओसीचं विचारलंच न्हाई. म्हणालं, वाचून आलोय." जुन्या गाड्यांच्या काचांवरचं जुनं नाव मात्र तसंच फिरतंय. ते काही परत येणार नाही.

कुणी म्हणेल, मास्तर, तुमचा ब्लॉग तरी कुठं स्वतःच्या जागेत आहे? नाही. मीही कूळच. म्हणून इथलं प्रत्येक पान उतरवून घेऊन ठेवतो, आणि माझ्या लिहिण्यावर कुणाच्या घरची चूल अवलंबून नाही. दुकानाचं तसं नसतं.

तेव्हा आपल्या नात्यात, मित्रांत ज्यांचं दुकान, वर्कशॉप, शोरूम आहे त्यांना आजच विचारा. नाव कुणाच्या खात्यावर नोंदलंय? पासवर्ड कुणाकडं आहे? गिऱ्हाइकांची यादी आपल्याला उतरवून घेता येते का? करार मोडला तर हातात काय उरतं? चारपैकी एकाचंही उत्तर "कंपनीला विचारून सांगतो" असं आलं, तर समजा सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे.

असो. सही करण्याआधी वाचत जा. आयुष्यभर वर्गात हेच सांगत आलो, घरातल्यानंच ऐकलं नाही. तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव आला असेल तर खाली जरूर लिहा, भाच्याला वाचून दाखवीन.