सीझन उसाचा, सीझन मोबाईलचा

परवा रात्री साडेदहाला दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं होतं, तेवढ्यात खालून एक डोकं आत आलं. "काका, आज शेवटना दिन शे! एक कोड द्या ना." मी दिला. रोख पैसे घेतले, शटर बंद केलं आणि घरी आलो. झोप मात्र येईना. म्हणून हे लिहायला बसलोय.

माझं शहाद्याला मोबाईल दुरुस्ती आणि रिचार्जचं छोटं दुकान आहे. गेममध्ये खर्चायचे पैसे ज्या कोडने भरता येतात ते कोडही मी विकतो. तेव्हा आज ज्या गोष्टीविरुद्ध लिहिणार आहे तिच्यात माझंही कमिशन आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोबाईलवरच्या गोळीबाराच्या गेममध्ये हल्ली 'सीझन' असतात. एक सीझन साधारण दोन-एक महिन्यांचा. नवा सीझन आला की गेम अपडेट करायचा. त्यात नवा नकाशा, नव्या बंदुका, नवे कपडे. सोबत एक 'पास' विकत मिळतो. पास घेतला आणि रोजची कामं केली की एकेक पायरी चढत बक्षिसं मिळतात. सीझन संपला की पास संपला. ज्या पायऱ्या चढायच्या राहिल्या त्यांची बक्षिसं गेली. आणि जिंकून जिंकून कमावलेली जी रँक असते ती काही पायऱ्या खाली उतरवली जाते. पुन्हा चढा. त्या पोराचा गेम कोणता ते मुद्दाम लिहीत नाही. या जातीचे बहुतेक गेम इथून तिथून सारखेच.

गंमत अशी की आमच्या नंदुरबार जिल्ह्यात 'सीझन' हा शब्द इंग्रजी राहिलेलाच नाही. मिरचीचा सीझन, उसाचा सीझन, लग्नाचा सीझन. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या लाल झाल्या की मिरचीचा सीझन. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे कोयते घेऊन गुजरातकडे निघतात, तो उसाचा सीझन. होळीला माणसं परत येतात. म्हणजे सीझन आमच्यासाठी करमणूक नाही, पोट आहे. त्यामुळे पोरांच्या तोंडी हा शब्द ऐकला की मी जरा कान टवकारतो.

आधी चांगलं बोलू, कारण चांगलंही आहे.

नव्या अपडेटमध्ये जुने दोष दुरुस्त होतात, लबाडी करून खेळणाऱ्यांचे रस्ते बंद केले जातात. तोच नकाशा वर्षभर खेळून कंटाळा येतो, तो जातो. रँक खाली आल्यामुळे नव्या खेळाडूलाही वर यायची संधी मिळते. मुख्य म्हणजे गेम फुकट आहे. हौशी लोक कपड्यांवर पैसे घालतात, त्या पैशावर बाकीचे फुकट खेळतात. क्रिकेटचं किट घ्यायला जे पैसे लागतात ते आमच्याकडे फार थोड्या घरांत आहेत; फोन मात्र आता पाड्यापाड्यावर पोचलाय. आणि या खेळाला आता कुणी टवाळखोरी म्हणू शकत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला क्रीडास्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत त्याची पदकंही होती.

पण सगळ्यात मोठा फायदा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

परवा शटरखालून आलेलं ते डोकं माझ्या गल्लीतल्या पोराचं. अकरावीला आहे. त्याचा जोडीदार धडगावकडच्या एका पाड्यावरचा. दोघं दहावीपर्यंत एका बाकावर होते. पुढे जोडीदाराचं शिक्षण सुटलं आणि तो आईबापाबरोबर बारडोलीकडे ऊसतोडीला जाऊ लागला. रात्री नऊ-साडेनऊला, भाकरी झाल्यावर, तो तिकडून आणि हा माझ्या दुकानाच्या ओट्यावरून, दोघं गेममध्ये भेटायचे. कानात हेडफोन. मी आत सोल्डरिंग करत ऐकायचो. गोळीबार कमी आणि गप्पाच जास्त. "आज किती गाड्या भरल्या?" "सरांची बदली झाली का?" "मावशीची म्हैस व्याली का?" मध्येच "मागे बघ, मागे बघ!" आणि मग दोघांचं हसणं.

फोनवर बोलता येत नाही का, असं तुम्ही विचाराल. येतं. पण सतरा वर्षांची दोन पोरं "कसा आहेस" विचारायला फोन करत नाहीत. त्यांना हातात काहीतरी काम लागतं, मग बोलणं आपोआप होतं. आपण मोठी माणसं चहाच्या टपरीवर वेगळं काय करतो?

तर अशी ती जोडी. ती एका अपडेटने मोडली.

नवा सीझन आला, अपडेट दीड-दोन जीबीचं. जोडीदाराचा फोन जुना, दोन जीबी रॅमचा. मीच त्याला सेकंडहँड दिलेला. अपडेट केल्याशिवाय गेम उघडेना आणि अपडेट फोनमध्ये मावेना. त्याचा मला फोन आला. "काका, सगळं डिलीट केलं. घरचे फोटो पण केले. तरी होत नाही." मी म्हटलं, बाळा, त्या फोनवर आता तो गेम चालायचा नाही. तो जरा थांबला. "बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. फोटो परत आणता येतील का हेसुद्धा त्याने विचारलं नाही.

इकडे आमच्या गल्लीतल्याचं वेगळंच. त्याने पास घेतलेला. मध्ये सहामाही परीक्षा आली, त्यात रोजची कामं राहिली. शेवटच्या रात्री हिशोब केला तर बऱ्याच पायऱ्या बाकी. मग त्यावरही उपाय तयार आहे: राहिलेल्या पायऱ्या पैसे देऊन चढता येतात. त्यासाठीच तो कोड. म्हणजे बघा, घाईही त्याच दुकानात तयार होते आणि घाईवरचं औषधही त्याच दुकानात विकलं जातं. आणि त्या दुकानाची शहाद्यातली खिडकी म्हणजे मी.

माझं भांडण गेमशी नाही, नव्या नकाशाशी नाही, बंदुकीशी तर नाहीच नाही. माझं भांडण तारखेशी आहे.

उसाच्या सीझनला तारीख असते, कारण ऊस वाळतो. मिरचीला असते, कारण अवकाळी पाऊस पथारीवरचा माल सडवतो. त्या तारखा निसर्गाच्या आहेत. मोबाईलमधल्या बंदुकीला कीड लागत नाही. तिथली तारीख कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलेली आहे, आणि ती एवढ्यासाठी ठरवली आहे की पोराने आजच यावं, उद्याही यावं आणि चुकवलं तर त्याला चुटपुट लागावी. उसाचा सीझन संपला की तोडणाऱ्याच्या हातात, उचल फिटून का होईना, काहीतरी उरतं. इथे मागचे कपडे उरतात, पण कमावलेली जागा काढून घेतात. आणि गंमत म्हणजे काढून घेण्याला 'नवी सुरुवात' म्हणतात.

"सारंगखेड्याची यात्राही तारखेलाच संपते की," असं एका मित्राने मला ऐकवलं. खरं आहे. दत्तजयंतीला भरते, काही दिवस चालते, घोडे विकले जातात, पाळणे उतरतात. पण यात्रा तुम्हाला रोज हजेरी लावायला सांगत नाही. मागच्या वर्षी घेतलेली पिपाणी परत मागत नाही. यंदा आला नाहीत तर पुढच्या वर्षी तुम्हाला मागच्या रांगेत उभं करत नाही. यात्रा चुकल्याचं वाईट वाटतं, पण शिक्षा होत नाही. हा फरक आहे.

ही युक्ती काही फार जुनी नाही. 'डोटा २' या गेमने २०१३ मध्ये आपल्या मोठ्या स्पर्धेच्या निमित्ताने असा पास काढला. २०१७ च्या डिसेंबरात 'फोर्टनाइट'ने तो आणला आणि मग ती पद्धतच पडली. याच 'फोर्टनाइट'च्या कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत एकूण ५२ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. त्यातले साडेचोवीस कोटी, खेळणाऱ्यांकडून नको ती खरेदी करवून घेतल्याच्या आरोपावरून, ग्राहकांना परत देण्यासाठी होते. म्हणजे या धंद्यात पोराच्या मनाशी कसं खेळतात हे जगाला कळून चुकलंय.

मग आपल्याकडे कायदे नाहीत का? आहेत. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या युक्त्यांवर नियम काढले. तेरा युक्त्यांची यादी आहे, आणि त्यात पहिलीच आहे 'खोटी घाई'. वाचून मला आनंद झाला, पण तो टिकला नाही. कारण "फक्त दोनच शिल्लक" असं खोटं सांगणं ही खोटी घाई. गेमवाले खोटं कुठे बोलतात? सीझन त्या तारखेला खरोखरच संपतो! घाई खरी आहे. ती फक्त तयार केलेली आहे. खोटं बोलणाऱ्याला पकडणारा नियम, खरं बोलून घाबरवणाऱ्याला कसा पकडणार?

दुसरा कायदा ऑगस्ट २०२५ चा, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा. चांगला केला. पण तिथे पैसे लावून पैसे जिंकायची आशा असावी लागते. आमचं पोर पैसे जिंकायच्या आशेवर नाहीच. ते नुसते घालतं. त्यामुळे ते त्या कायद्याच्या बाहेर.

"सरळ बंदी घाला," हे आमच्याकडच्या पालकांचं आवडतं उत्तर. बंदी घालून झाली आहे हो! सप्टेंबर २०२० मध्ये ११८ ॲप बंद झाली, त्यात पबजी मोबाईल होता आणि कमी रॅमच्या फोनसाठी केलेला त्याचा 'लाइट' भाऊही होता. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावाने आला, जुलै २०२२ मध्ये दुकानांतून उतरला, मे २०२३ मध्ये परत आला. मध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली. पोरं या गेममधून त्या गेममध्ये गेली, एवढंच. बंदीची कारणं देशाच्या सुरक्षिततेची होती, पोरांच्या झोपेची नव्हती. २०२३ मध्ये परत आणताना अल्पवयीनांना दिवसाला तीन तास आणि मोठ्यांना सहा तास अशी मर्यादा आली. म्हणजे तास मोजले, पण तारखेकडे कुणी पाहिलं नाही. दिवसाला तीनच तास आणि सीझन संपायला चारच दिवस, मग पोर ते तीन तास काय आनंदाने खेळणार? ते हजेरी भरणार.

"नको तर खेळू नये, जबरदस्ती आहे का?" हे दुसऱ्या बाजूचं उत्तर. जबरदस्ती नाही. पण हे ज्याच्याकडे दुसरी करमणूक आहे त्याने म्हणावं. ऊसतोडीच्या टोळीवर, प्लास्टिकच्या खोपटात, रात्री नऊ वाजता त्या पोराकडे दुसरं काय होतं?

आणि असंही नाही की तारखेशिवाय धंदा होत नाही. 'हेलो इन्फिनिट'ने २०२१ पासून आणि 'हेलडायव्हर्स २'ने २०२४ पासून मुदत न संपणारे पास विकले. एकदा घेतला की तुमचा, सवडीने चढा. कंपन्यांना हे जमतं, फक्त त्यांनी करायला हवं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पैसे घेऊन विकलेल्या पासला मुदत नको. नव्या सीझनला स्पर्धेची यादी खुशाल कोरी करा, पण जो कामावर गेला, परीक्षेला बसला, जो रेंज नसलेल्या पाड्यावर होता, त्याची कमावलेली रँक त्याच्या नावावर राहू द्या. आणि जुन्या फोनवर चालणारी हलकी आवृत्ती चालू ठेवा. त्यात नवे कपडे नसले तरी चालतील, जोडीदार असला की पुरे. आणि नियम करणाऱ्यांनी 'खोटी घाई'च्या खाली आणखी एक ओळ लिहावी: मुद्दाम तयार केलेली घाई.

आता माझं स्वतःचं. अठराच्या आतल्या पोराला यापुढे घरचं मोठं माणूस सोबत असल्याशिवाय कोड विकायचा नाही, असं ठरवलंय. कमिशन जाईल. पलीकडच्या दुकानात पोरं जातील हेही माहीत आहे. पण शटरखालून आलेल्या डोक्याला रात्री साडेदहाला मी "नाही" म्हणायला हवं होतं, आणि म्हटलं नाही.

जोडीदाराचे फोटो त्याच्या फोनमधून परत निघतात का ते होळीला तो आला की बघणार आहे. आशा कमीच आहे. दुकानात तीन जीबी रॅमचा एक फोन स्क्रीन बदलून ठेवलाय, तोही त्याच्यासाठीच. पैसे पुढच्या सीझनला दिले तरी चालतील, असं सांगणार आहे त्याला.

उसाच्या सीझनला.