हा आनंद खरा की हुकमाचा?



पाश्चात्त्य संगीत म्हटले की आपल्या घरांत मोत्झार्ट लागतो, तोही भांडी घासताना. आम्ही मात्र शोस्ताकोविच यांची पाचवी सिंफनी ऐकावी म्हणतो, आणि तीही दोन ध्वनिमुद्रणांत. एक लेनर्ड बर्नस्टाइन यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर १९५९ साली केलेले. दुसरे रोस्त्रोपोविच यांचे, वॉशिंग्टनच्या नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर, १९८२ चे.

आधी फक्त शेवटची तीन मिनिटे लावा. नगारे वाजतात, पितळी वाद्ये गर्जतात, आणि व्हायोलिने एकच स्वर अडीचशेच्या आसपास वेळा घासत राहतात. 'डी' हा आपला षड्ज धरला तर तो नुसता पंचम! बर्नस्टाइन हे भरधाव नेतात. वाटते, वरात दारात आली. रोस्त्रोपोविच इतके संथ घेतात की तोच पंचम डोक्यात हातोड्यासारखा बसतो. छापील प्रतींतच घोळ आहे: एकीत मिनिटाला १८८ चतुर्थांश स्वर, दुसरीत १८४ अष्टमांश, म्हणजे वेग निम्मा. (एका चिन्हाने काय अनर्थ होतो, हे आम्ही संगणकवाले रोज पाहतो.)

आता गोष्ट ऐका. जानेवारी १९३६ मध्ये स्टालिन शोस्ताकोविच यांचा ऑपेरा संपण्याआधीच उठून गेला. दोनच दिवसांनी 'प्रावदा'ने त्यांना झोडपले. वर्षअखेर त्यांनी चौथी सिंफनी तालमी चालू असतानाच मागे घेतली. ती लोकांनी ऐकली १९६१ साली. जून १९३७ मध्ये त्यांचे पाठीराखे मार्शल तुखाचेव्हस्की यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्याच नोव्हेंबरात लेनिनग्राडला म्राविन्स्की यांनी पाचवी वाजवली. तिसऱ्या, संथ भागात श्रोते रडले. सरकारला मात्र शेवटचा जल्लोष आवडला.

आमचे मत रोस्त्रोपोविच यांच्या बाजूने आहे. ते संगीतकाराचे शिष्य आणि स्नेही. १९७४ साली त्यांना स्वतःला देश सोडावा लागला. तो जल्लोष सांगून करवून घेतलेला आहे, हे त्यांच्या वादनात ऐकू येते. पण एक अडचण आहे. १९५९ साली मॉस्कोत बर्नस्टाइन यांनी हीच सिंफनी वाजवली, तेव्हा शोस्ताकोविच हजर होते आणि मंचावर येऊन त्यांनी हस्तांदोलन केले. तेव्हा आमच्याशी जरूर भांडा.

आणि पालकहो, मुलांना "कसे वाटले?" एवढेच विचारा. "छान आहे ना?" असे विचारू नका. स्नेहसंमेलनात पडद्याआडून "हसा, हसा" अशा खुणा करणाऱ्यांत आम्हीही आहोत, आणि मुले हसतातही!

तिसरा भाग रात्री, दिवे मंद करून ऐका. भांडी सकाळी.