सातबारा पडद्यावर, जमीन कोणाकडे?

यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबन येथे २०२२ मध्ये वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला. कारखान्यामागोमाग जमिनीचे गिऱ्हाईक येते, हा अनुभव जुनाच. नवे आहे ते त्याचे साधन. पूर्वी बाहेरच्या खरेदीदाराला तलाठ्याचे दप्तर गाठावे लागे. त्यामुळे गावालाही सुगावा लागे. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पुण्यात बसून मिळतो; दस्त नोंदला की ई-फेरफार प्रणालीत पुढील कार्यवाही सुरू होते. सोय स्वागतार्हच. यंत्राला मात्र कागदावर नाव नसलेला वहिवाटदार दिसत नाही, आणि हरकतीची नोटीस वाचता न येणाऱ्या कोलामाची अडचणही कळत नाही.

त्याचे खरे संरक्षण कायद्यात आहे. जमीन महसूल संहितेत १९७४ साली आलेल्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला भाडेपट्ट्यानेही परवानगीवाचून देता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी अशा जमिनी थेट खासगी भाडेपट्ट्याने देण्याची मुभा जाहीर केली. एकरी वर्षाला किमान ५० हजार रुपये. आदिवासीला उत्पन्न मिळेल, हा युक्तिवाद पोकळ नाही. परंतु ज्या भूमीखाली चुनखडी आणि कोळसा आहे, तिथे पट्ट्याची मुदत सरल्यावर शेतकऱ्याच्या हाती खड्डाच यायचा! मुभा द्यायचीच, तर संमती ग्रामसभेत, कोलामी व गोंडी जाणणाऱ्या माणसासमक्ष तपासली जावी, आणि प्रत्येक पट्टा मुदतीसह सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंदला जावा.