गृहभेट म्हणजे कागद भरणे नव्हे



‘आशांच्या गृहभेटी केवळ नोंदवह्या भरण्यापुरत्या’ हे गेल्या अंकातील लेखातले विधान चुकीचे आहे. बाळंतपण दवाखान्यात झाले तरी आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, ४२ दिवसांत ६ वेळा घरी जातात, घरीच झाले तर ७ वेळा. बाळाचे वजन, ताप, श्वास आणि अंगावर पिण्यातला जोर त्या पाहतात.

अशा भेटींचा उपयोग काय? गडचिरोलीत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरी जाऊन नवजातांची देखभाल केली. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला.

नोंदवह्या वाढल्या, हे खरे. पण त्या आशांनी मागितल्या नव्हत्या. या साऱ्या भेटींचा मोबदला २०११ मध्ये एका बाळामागे २५० रुपये ठरला. लेखकाने त्यावर लिहायला हवे होते.

– एक वाचक, वर्धा