थान मुंबईचं, माप गावचं

पोराचा शाळेचा गणवेश शिवताना आपण काय बघतो? सदरा थोडा ढगळ हवा, पँटच्या दुमडीत दोन बोटं कापड जास्तीचं हवं. वर्षभरात पोरगं वाढणार, हे आईला ठाऊक असतं. हजारो शाळांसाठी एकदम खरेदी करणाऱ्या खात्याला ते कसं कळावं?

२०२४-२५ साली राज्य सरकारने 'एक राज्य, एक गणवेश' आणला. त्याआधी गणवेशाचे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे. त्या वर्षी कापडाची खरेदी राज्य पातळीवर एकत्र झाली आणि शिलाईचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे आलं. ऐकायला किती छान! एकत्र घेतलं की भाव उतरतो, हे लग्नाचा बस्ता बांधलेल्या बाईला सांगायला नको. शिवाय बायकांच्या हाताला काम.

पण विदर्भातल्या शाळा १ जुलैला उघडल्या, पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झालं, तरी राज्यात कितीतरी मुलं गणवेशाविना होती. जिथे गणवेश पोचला तिथे कुणाला तंग, कुणाला लोंबणारा. कापड उशिरा आलं, पण बोल कुणाला? शिवणाऱ्या बाईला. 'बचत गटाचं काम असंच असतं' म्हणायला लोक मोकळे! अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने हे काम पुन्हा शाळा समित्यांकडे सोपवलं.

म्हणून एकत्र खरेदीच वाईट, असं मी म्हणणार नाही. तापाची गोळी मुंबईत आणि आमच्या बाभुळगावात सारखीच. औषधांसाठी राज्याने २०२३ मध्ये वेगळं खरेदी प्राधिकरण उभारलं, ते योग्यच वाटतं. कापडाचं थानही खुशाल एकत्र घ्या. (आमच्याकडे कापूस पिकतो, कापड मात्र बाहेरूनच येतं, ते दुःख वेगळं.) पण माप आणि कात्री गावातल्या बाईच्या हाती द्या, आणि शिलाईचे पैसे वेळेवर द्या.

आता चेंडू शाळा समितीकडे आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिथे निम्मे सभासद बायका असतात. मैत्रिणींनो, तुम्ही त्यात असाल, तर नुसती सही करून येऊ नका. कापड कुठून घेतलं, कितीला पडलं, शिलाई कुणाला दिली, दर काय, एवढं सभेत विचाराच. आणि माप घ्यायला बाई शाळेत कोणत्या दिवशी येणार, तेही.