'निकिता'चा प्रेक्षक आणि समीक्षेची सोय

ल्यूक बेसाँ यांचा 'निकिता' हा चित्रपट १९९० साली फ्रान्समध्ये प्रदर्शित झाला. तेथे त्याची ३७ लाखांहून अधिक तिकिटे विकली गेली आणि नायिकेची भूमिका करणाऱ्या आन पारियो यांना १९९१ साली सेझार पुरस्कार मिळाला. या चित्रपटाच्या लोकप्रियतेविषयी दुमत नाही. दुमत असावे ते समीक्षेने या लोकप्रियतेचे काय केले याविषयी. एका पक्षाने प्रेक्षकाचे मत तुच्छ मानून टाकून दिले, तर दुसऱ्याने त्याचे कौतुक करून वर्गवारी लावली. ते मत गंभीरपणे वाचण्याचे कष्ट मात्र दोघांनीही टाळले.

पहिल्या पक्षाची परंपरा 'निकिता'पूर्वीची आहे. बेसाँ यांच्याच 'ल ग्राँ ब्ल्यू'ने १९८८ साली कानच्या महोत्सवाचे उद्घाटन झाले. समीक्षकांनी त्याची हेटाळणी केली, परंतु तरुण प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. १९८९ साली राफाएल बासाँ यांनी बेनेक्स, बेसाँ आणि कारॅक्स या तिघांचा एकत्र विचार मांडला. त्यांच्या चित्रपटांना चिकटलेली 'सिनेमा द्यू लूक' ही संज्ञा पुढे वर्णनापेक्षा दूषण म्हणूनच अधिक वापरली गेली. हा सिनेमा म्हणजे जाहिरातीसारखा झगमगता पृष्ठभाग, आणि तो आवडणारा प्रेक्षक म्हणजे पृष्ठभागाला भुललेला ग्राहक, असे हे समीकरण होते.

दुसरा पक्ष अधिक सुसंस्कृत आहे, म्हणूनच अधिक फसवा. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली दूरचित्रवाणीच्या संदर्भात अर्थग्रहणाच्या तीन भूमिका मांडल्या : वर्चस्वाला अनुकूल, तडजोडीची आणि विरोधाची. हॉल यांच्यापुढील प्रश्न सत्तेचा होता. त्यांच्या अनुयायांच्या हाती मात्र ही मांडणी टपालखात्यातील खणांसारखी झाली. 'निकिता सबला आहे' हे मत एका खणात आणि 'ती पुरुषी कल्पनाविलासाची बाहुली आहे' हे दुसऱ्या खणात टाकले की काम संपते. लॉरा मल्व्ही यांच्या १९७५ सालच्या निबंधातील पुरुषी दृष्टीची संकल्पनाही अशीच शिक्क्यासारखी वापरली जाते. अशा रीतीने मताचा प्रकार ठरतो, पण ते मत चित्रपटातील कशाविषयी आहे, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

वस्तुतः 'निकिता'विषयी प्रेक्षकांच्या बोलण्यात तीन तक्रारी पुन्हा पुन्हा येतात : मारेकरी असूनही नायिका फार रडते, पूर्वार्धाचा वेग उत्तरार्धातील प्रेमकथेत मंदावतो, आणि शेवट अपुरा वाटतो. समीक्षेच्या दृष्टीने या तिन्ही अडाणी तक्रारी. परंतु त्या चित्रपटाच्या नेमक्या मर्मावर बोट ठेवतात.

औषधाच्या दुकानावरील दरोड्यात पोलिसाचा खून करणाऱ्या निकिताला आजन्म कारावास होतो. पुढे तिला इंजेक्शन दिले जाते तेव्हा मृत्यू आला असे समजून ती आईला हाक मारते. प्रत्यक्षात शासनाने तिच्या मरणाचा केवळ देखावा केलेला असतो. खुनासाठी शिक्षा देणारी सत्ताच तिला खुनासाठी नव्याने जन्माला घालते. या प्रशिक्षणात नेमबाजीइतकेच महत्त्व जाँ मोरो यांनी साकारलेल्या आमांदच्या धड्यांना आहे. आरशासमोर बसून स्त्रीत्व कसे धारण करावे हे निकिता तेथे शिकते. म्हणजे बंदुकीप्रमाणे स्त्रीत्वही सरकारी भांडारातूनच मिळालेले आहे. 'मारी' हे नागरी नाव शासनाचे आणि 'जोसेफिन' हे सांकेतिक नावही शासनाचेच. या सगळ्यात एकच गोष्ट कोणी शिकवलेली नाही. ती म्हणजे रडणे. प्रेक्षकाला जे खटकते ते हेच, प्रशिक्षणातून उरलेले.

मंदावलेल्या उत्तरार्धाचेही तसेच. व्हेनिसच्या हॉटेलातील न्हाणीघरात ती बंदूक रोखून आदेशाची वाट पाहते आणि बंद दाराबाहेरून मार्को तिच्याशी प्रेमाने बोलत राहतो. एका कानात सत्तेचा आवाज, दुसऱ्यात प्रियकराचा. थरारपट येथे अडखळतो हे प्रेक्षकाचे निरीक्षण अचूक आहे. चूक एवढीच की तो या अडखळण्याला दोष मानतो. ती चूक दाखवून देणे समीक्षेचे काम होते.

गंमत अशी की या तक्रारी समीक्षेने ऐकल्या नाहीत, परंतु जणू त्यांचेच निराकरण करावे अशा रीतीने चित्रव्यवसायाने ही कथा पुन्हा पुन्हा सांगितली. मूळ चित्रपटाच्या अखेरच्या दृश्यात निकिता नाही. तिच्यामागे उरलेले दोन पुरुष तिच्याविषयी बोलतात. जॉन बॅडम यांच्या १९९३ सालच्या अमेरिकी आवृत्तीत मात्र जाणारी नायिका दिसते आणि तिचा अधिकारी ती मेल्याचे कळवून तिला मोकळी करतो. १९९७ साली सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेत तर ती मुळात निर्दोषच ठरली, आणि दंड देणाऱ्या सत्तेनेच खुनी पाळावा हा उपरोध बोथट झाला. महेश भट यांच्या 'कारतूस'मध्ये (१९९९) तिच्या जागी संजय दत्त आला. पुरुष येताच आरसा आणि आमांदचे धडे यांना कथेत कामच उरत नाही. स्त्रीत्व हा या कथेचा अलंकार नसून तिची यंत्रणा होती, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

प्रेक्षकाच्या तोंडी आपला अर्थ घालण्याची ही नवी अरेरावी नव्हे काय, असा आक्षेप येथे संभवतो. तो तेव्हाच खरा ठरेल, जेव्हा प्रेक्षकाचे प्रत्येक मत प्रमाण मानले जाईल. निकिता शेवटी स्वतंत्र होते हे लोकप्रिय मत चित्रपटाच्या कसोटीवर टिकत नाही. ती केवळ दिसेनाशी होते. तिच्यावर मालकी सांगणारी सत्ता अधिकाऱ्याच्या रूपाने तिच्या घरात बसलेली आहे. मत तपासता येते, म्हणूनच ते चूक ठरू शकते, आणि ज्याला चूक ठरण्याची मुभा आहे त्यालाच खरा मान मिळतो. प्रेक्षकाला मूर्ख ठरवणारी समीक्षा आणि त्याला अचूक ठरवणारी समीक्षा, दोघीही त्याच्याशी वाद घालत नाहीत. ज्याच्याशी वाद घालायचा नसतो त्याचे ऐकण्याचीही गरज उरत नाही, आणि हीच दोघींची सोय आहे.